कृपेचे पाणी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सायंसभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सव मंडळाने आजच्या सभेत चार शब्द बोलण्याची आज्ञा मला केली, हा मी माझा बहुमान समजतो. माझ्या आधीच्या वक्त्यांनी आपल्या धर्मग्रामाचा पन्नास वर्षांचा इतिहास आपणांपुढे सविस्तर मांडला. ख्रिस्तमंदिराच्या पायाभरणीपासून तो घंटेच्या मनोऱ्यापर्यंत कोणी किती श्रम केले, कोणी दगड वाहिले, कोणी लाकूड दिले, कोणी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून दरमहा काही बाजूस काढले, याची मोजदाद झाली. ती व्हावयासच हवी होती, कारण कृतघ्नता ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. परंतु या साऱ्या जमाखर्चात एक रक्कम कोठेच मांडलेली मला आढळली नाही. ती म्हणजे ईश्वरी कृपा. ती वहीत मांडता येत नाही हे खरे. पण ती वगळली म्हणजे बाकीचा हिशेब जुळत नाही हेही तितकेच खरे. यास्तव त्या एका रकमेविषयीच आज बोलावे असे मी योजिले आहे.

प्रथम ज्या शब्दाने आपण हा उत्सव करीत आहोत त्या शब्दाकडेच पाहू. ज्युबिली हा शब्द आपण इंग्रजीतून उचलला. तो मुळात हिब्रू भाषेतला असून त्याचा अर्थ मेंढ्याचे शिंग असा आहे. ते शिंग फुंकून इस्राएल लोक पन्नासाव्या वर्षाची द्वाही फिरवीत. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात या वर्षाचा नियम सांगितला आहे. दर सातव्या वर्षी जमिनीस विश्रांती द्यावयाची, पेरणी करावयाची नाही. आणि अशी सात सप्तके भरली म्हणजे पन्नासावे वर्ष पवित्र मानावयाचे. त्या वर्षी दास मुक्त होत, आणि गरजेपोटी विकलेली शेती मूळ कुटुंबाकडे परत जाई. त्याही वर्षी पेरणी नाही. म्हणजे एकोणपन्नासावे आणि पन्नासावे, अशी लागोपाठ दोन वर्षे नांगर कोपऱ्यात उभा!

आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेतीवाडी आहे त्यांच्या मनात लगेच प्रश्न येईल, की मग खावयाचे काय? नवल असे की हा प्रश्न त्या नियमातच लिहून ठेवला आहे. लोक असे विचारतील हे परमेश्वराला ठाऊक होते. आणि त्याने उत्तर दिले ते असे, की सहाव्या वर्षी मी असा आशीर्वाद देईन की तेच पीक तीन वर्षे पुरेल. याचे कारणही त्याने सांगितले आहे. भूमी माझी आहे, तुम्ही तिच्यावरचे उपरे आणि कुळे आहात, हे ते कारण होय. कूळ म्हणजे काय हे आमच्या लोकांना समजावून सांगावयास नको. कूळ राबतो, घाम गाळतो, बांध राखतो. पण जमिनीचा धनी दुसरा असतो. आमच्या इकडे धनी कुळाकडून खंड घेई. येथे धनीच कुळाच्या कणगीची चिंता वाहतो, एवढा फरक!

या नियमात कृपेवर विसंबण्याचा सगळा मर्मार्थ आला आहे असे मला वाटते. श्रद्धेची परीक्षा देवळात झाली नाही, घरातल्या कणगीपाशी झाली. शिवाय सहा वर्षे नांगरावयाचे होतेच. ज्याने सहावे वर्षही आळसात घालविले त्याच्या कणगीत आशीर्वाद येणार कोठून? ही दुसरी बाजूही विसरता कामा नये.

आता कृपा म्हणजे नेमके काय? पंडितांनी यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. मी आपणांस एका साध्या पुस्तकाकडे नेतो. आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात बाप्तिस्म्याची नोंदवही आहे. तिची पाने उलटून पाहा. नाव, जन्मदिवस, आईबाप, धर्ममाता, धर्मपिता, आणि खाली धर्मगुरूंची सही. त्यांत बहुतेक सारी नावे तान्ह्या लेकरांची आहेत. त्या दिवशी त्या लेकरांनी काय केले होते? उपवास केला नव्हता, दानधर्म केला नव्हता, विश्वासांगीकार धर्ममातापित्यांनी त्यांच्या वतीने म्हटला होता. बहुतेकांनी रडण्यापलीकडे काही केले नव्हते. तरी त्या क्षणी ती ईश्वराची लेकरे झाली, आदिपापातून सुटली, आणि त्यांच्या आत्म्यात देवाचे स्वतःचे जीवन वसू लागले. हीच ती पवित्र करणारी कृपा. ती कमाई नव्हे, देणगी आहे. आपले ख्रिस्ती आयुष्य ज्या पानावर आरंभले त्या पानावर आपले स्वतःचे कर्तृत्व शून्य आहे, ही गोष्ट मोठेपणी आपण फार लवकर विसरतो.

या जीवनाखेरीज आणखी एक मदत देव आपणांस वेळोवेळी देतो. बुद्धीला उजेड, इच्छेला बळ, मोहाच्या वेळी आवर, दुःखाच्या वेळी आधार, अशी ती त्या त्या घटकेपुरती येते. पहिली कृपा घरात तेवत राहणाऱ्या दिव्यासारखी. दुसरी अंधाऱ्या वाटेवर कोणी हात धरावा तशी. आज मी विशेषेकरून या दुसरीविषयी बोलत आहे.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाचा एक तपस्वी होऊन गेला. तो दुराचारी नव्हता, उलट लोकांनी सदाचारी व्हावे अशी त्याला तळमळ होती. पण माणूस मनात आणील तर आपल्याच बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असे तो शिकवू लागला. संत ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध उभे राहिले. तारुण्यात ज्याचे पाय पुन्हा पुन्हा घसरले होते, आणि ३८७च्या ईस्टर सणाला ज्याने मिलान शहरी बाप्तिस्मा घेतला, त्या माणसाला इच्छाशक्तीची किंमत पुरेपूर कळली होती. ४१८ साली कार्थेज येथे जमलेल्या आफ्रिकेतील बिशपांनी पेलाजियसचे मत त्याज्य ठरविले. पुढे ५२९ साली गॉल देशातील ओरांज येथील सभेने आणखी एक पाऊल पुढे टाकले. केवळ चांगले कृत्यच नव्हे, तर विश्वासाचा आरंभ, देवाकडे वळावे ही नुसती इच्छादेखील, कृपेनेच होते, असे तिने ठरविले. हा ५२९चा निर्णय कृपा करून ध्यानात ठेवा. तो वरवर पंडिती वाटतो, पण थोड्या वेळाने तो आपल्या ओटीवर येऊन बसणार आहे. १५४७ साली त्रेंत येथील महासभेने याच गोष्टीची पुन्हा ग्वाही दिली, आणि त्याबरोबर हेही बजावले की माणूस लाकडाच्या ओंडक्यासारखा निश्चेष्ट नसतो. कृपा पुढे होते, आणि माणूस आपल्या स्वतंत्र इच्छेने तिला होकार देतो, तिच्याबरोबर चालतो.

असो. पेलाजियस मरून सोळाशे वर्षे होत आली, पण त्याचा संप्रदाय आमच्या घरोघर नांदतो आहे. 'मी दारू सोडणार, माझ्या मनाचा हिय्या मोठा आहे,' असे म्हणून जो एकट्यानेच शपथ घेतो आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर दिसतो, तो त्याचाच शिष्य. आणि दुसरे टोकही आहे. 'देवाच्या मनात असेल तर होईल' असे म्हणून जो हातपाय हालवीत नाही, मुलांना धर्मशिक्षणास पाठवीत नाही, वर्षानुवर्षे पापनिवेदनास जात नाही, तो आपल्या आळसाला श्रद्धेचे नाव देतो. आत्म्याने स्वतः काहीच न करता निश्चेष्ट पडून राहणे हीच पूर्णता, असे शिकविणाऱ्या मोलिनोसचे मत पोप अकरावे इनोसंट यांनी १६८७ साली धिक्कारिले, ते उगीच नव्हे.

मग या दोन टोकांमधून वाट कशी काढावयाची? येथे मी आपणांस एका बाईकडे नेतो. ती स्पेन देशाची, पण तिचे बोलणे ऐकून आपणांस ती आपल्याच वाडीतली वाटेल. आविलाची संत तेरेसा ती हीच. आपल्या पुष्कळ घरांत जिची तसबीर गुलाबांसह असते ती फ्रान्समधील लहान तेरेसा निराळी. ही मोठी तेरेसा १५१५ साली जन्मली, वयाच्या विसाव्या वर्षी आविलाच्या कार्मेल मठात गेली, आणि १५८२ साली निवर्तली. १९७० साली पोप सहावे पौल यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून गौरविले; हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूंच्या आज्ञेवरून तिने आपल्या जीवनाची कथा लिहिली. तीत प्रार्थनेविषयी सांगताना तिने बागेचा दृष्टांत घेतला आहे.

ती म्हणते, आत्मा ही एक बाग आहे. जमीन नापीक, तणांनी भरलेली. तण उपटतो प्रभू, रोपे लावतो प्रभू; आपण माळी. रोपे जगावीत, फुलावीत, आणि बागेच्या धन्याने तेथे येऊन रमावे म्हणून त्यांना पाणी घालणे हे माळ्याचे काम. आणि पाणी घालण्याचे चार प्रकार. पहिला, विहिरीतून पोहऱ्याने शेंदून. यात कष्ट फार, पाणी थोडे. दुसरा, रहाटाने, यात कष्ट कमी, पाणी अधिक. हे पाणी आपण स्वतः कधीकधी काढले आहे, असेही ती सहज सांगून जाते. तिसरा, ओढ्याचे किंवा नदीचे पाणी पाटाने आणून. आणि चौथा, पाऊस. यात माळ्याचे कष्ट काहीच नाहीत, धनी स्वतः पाणी घालतो.

वसईच्या माणसाला यातला रहाट समजावून सांगण्याची गरज काय? आजच्या तरुणांनी तो पाहिला नसेल, कारण विजेचे पंप आले आणि रहाट गेले. पण वडीलधाऱ्यांच्या कानांत त्याची कुरकुर अजून असेल. विहिरीवर किंवा बावखलावर लाकडी चाक, त्यावर दोरांची माळ, माळेला ओळीने बांधलेली मातीची गाडगी. बैल गोल फिरे. रिकामी गाडगी तोंड खाली करून उतरत, भरून वर येत, पन्हळीत ओतत, आणि पाटाने ते पाणी केळींच्या आणि पानवेलींच्या आळ्यांत जाई. स्पेनमध्येही असेच चाक, अशीच गाडगी. आविलाची बाई आणि आमची वाडी यांच्यामध्ये समुद्र आहेत, पण विहिरीपाशी दोघांची भाषा एक होते.

तेरेसाने हे चार प्रकार प्रार्थनेच्या चार पायऱ्यांना लाविले आहेत, आणि वरच्या पायऱ्यांचे वर्णन करण्याचा माझा अधिकार नाही. मी पहिल्या पाण्यापाशीच थांबतो, कारण आपण बहुतेकजण तेथेच उभे आहोत. या पहिल्या पाण्याविषयी तिने असा प्रश्न उभा केला आहे: माळी रोज विहिरीवर जातो, पोहरा सोडतो, आणि तो रिकामाच वर येतो, असे पुष्कळ दिवस चालते, कधी तर पोहरा सोडण्यास हातही उचलवत नाही, मग त्याने काय करावे?

हा प्रश्न तिने कल्पनेने रचला नव्हता. १५३९ साली ती इतकी आजारी पडली की चार दिवस निपचित होती. तिच्यासाठी कबरही खणून ठेविली होती. त्यातून उठली ती सुमारे तीन वर्षे लुळी. बरी झाल्यावर तिने प्रार्थना सोडून दिली, एक वर्षाहून अधिक काळ! कारण काय? तर आपल्यासारख्या पापिणीने देवाशी जवळीक दाखविणे बरे नव्हे, अशी नम्रता तिच्या मनात आली. पुढे तिने स्वतःच लिहिले, की ही खोटी नम्रता म्हणजे सैतानाने आपल्याला घातलेली सर्वांत मोठी भूल होती. वडिलांच्या मृत्यूनंतर एका डोमिनिकन धर्मगुरूंच्या सांगण्यावरून तिने प्रार्थना पुन्हा आरंभिली, ती मग कधी सोडली नाही. पण त्यानंतरही वर्षानुवर्षे तिला गोडी अशी लागली नाही. प्रार्थनेचा तास केव्हा संपतो म्हणून घड्याळाच्या ठोक्याकडे आपले कान लागलेले असत, असे तिने मोकळेपणाने लिहून ठेविले आहे. धर्मपंडितेची ही कबुली ऐकून आपल्या मनाला थोडा धीर येतो की नाही?

बंधुभगिनींनो, त्या खोट्या नम्रतेपाशी जरा थांबा. कित्येक माणसे मिस्साबलिदानाच्या वेळी ख्रिस्तमंदिराच्या बाहेर आंब्याखाली उभी राहतात, आत येत नाहीत. विचारावे तर म्हणतात, 'आम्ही कसले आत येणार? आमची लायकी नाही.' लायकी कोणाचीच नाही. लायकी असती तर कृपा कशाला लागली असती? औषध घेण्यास मी फार आजारी आहे, असे म्हणणारा रोगी कोणी पाहिला आहे काय?

रिकाम्या पोहऱ्याच्या प्रश्नाला तेरेसाने दिलेले उत्तर असे. माळ्याने आनंद मानावा. कारण तो स्वतःच्या बागेत नव्हे, फार मोठ्या राजाच्या बागेत चाकरीला आहे. पाणी आले नाही म्हणून चाकरी सोडू नये. आणि माळी आपल्या हातून होईल ते करीत राहिला, तर धनी पाण्यावाचूनही फुले जगवितो, सद्गुण वाढवितो. येथे पाणी या शब्दाचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. पाणी म्हणजे मनाचा ओलावा, भक्तीचा गहिवर, डोळ्यांत येणारे अश्रू. तो गहिवर आला नाही म्हणजे कृपा आटली असे आपण समजतो. तेरेसा म्हणते, गहिवर आटला तरी बाग जगते, कारण जगविणारा दुसरा आहे. म्हणजे कृपा ही मनाच्या ओलाव्याने मोजावयाची वस्तूच नव्हे. नवव्याच्या, सणाच्या, यात्रेच्या दिवशी अंतःकरण भरून येते आणि इतर तीनशे दिवस कोरडे जातात, म्हणून ते तीनशे दिवस देवाविना गेले असे मानू नये. कदाचित त्या दिवसांतच मुळे खोल गेली असतील.

आता घराकडे वळू. याच संत तेरेसाने आपल्या मठभगिनींना सांगितले, की आज्ञेनुसार स्वयंपाकघरात काम असेल तर प्रभू तेथेही भांड्याकुंड्यांत वावरत असतो. आमच्या माताभगिनींचा दिवस तेथेच जातो. पहाटेच्या गाडीसाठी डबे भरणाऱ्या हातांना ध्यानमंदिरात बसण्यास सवड कोठली? सकाळी उठल्याबरोबर क्रुसाची खूण करून दिवस प्रभूला वाहावा, गाडीच्या गर्दीत उभ्या उभ्या मनात एखादा गूढप्रसंग म्हणावा, रात्री दिवा मालविण्यापूर्वी दिवसाची झडती घ्यावी. एवढा पोहरा प्रत्येकाला सोडता येतो. आणि संस्कार तर आपल्यासाठी उभारलेला रहाटच; तो आपण बांधिला नाही, प्रभूने आपल्या क्रुसावरील मरणाने बांधून दिला. आपण गाडगे घेऊन जावयाचे.

परंतु जेथे कृपेवाचून अगदी एक पाऊल टाकवत नाही असे स्थळ आमच्या घरांत कोणते, असे मला विचाराल तर मी सांगेन, क्षमा. मी कोणाचे नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. आमच्या भागात जमिनीला सोन्याचे मोल आले आणि वाडवडिलांनी एका ताटात जेवून राखलेल्या वाड्यांचे तुकडे झाले. दोन भावांमध्ये हातभर बांधावरून दावे चालले आहेत. दोघेही रविवारी एकाच वेदीपुढे येतात, एक उजव्या रांगेतून, एक डाव्या रांगेतून. दोघेही प्रभूने शिकविलेली प्रार्थना म्हणतात, आणि जेथे अपराधांच्या क्षमेचे शब्द येतात तेथे दोघांचाही आवाज बारीक होतो. त्यांतला एखादा प्रामाणिकपणे म्हणतो, 'फादर, मला क्षमा करता येत नाही. खोटे कशाला बोलू? करावी असे वाटतही नाही.'

मी म्हणतो, हे बोलणे निराशेचे नव्हे. ते खरेपणाचे आहे, आणि कृपेला खरेपणाच लागतो. आता ओरांजच्या सभेचा तो ५२९ सालचा निर्णय आठवा. चांगले करण्याची इच्छादेखील कृपेनेच होते. मग ज्याला क्षमेची इच्छाही होत नाही त्याने काय करावे? त्याने तेच देवापुढे ठेवावे. 'प्रभो, मला क्षमा करावयाची नाही. करावीशी वाटावी एवढे तरी दे.' हा रिकामा पोहरा होय, पण तो विहिरीत सोडलेला आहे, कोपऱ्यात उपडा टाकलेला नाही. आणि अशी मागणी करीत असताना हाताला जे काम सापडेल ते करावे. भावाच्या घरी आजार असेल तर शेजारधर्माने विचारपूस करावी. मुलांच्या कानांत दाव्याची कथा ओतू नये. वेदीवरून परतताना नजर चुकवू नये. आपला न्याय्य हक्क सोडून द्यावा असे मी म्हणत नाही. हक्काचा निवाडा न्यायालयाने करावा, पण द्वेषाचा निवाडा न्यायालयात होत नसतो. प्रेम दाटून येईल तेव्हा समेट करीन असे जो म्हणतो तो विहिरीकाठी बसून पाऊस पाहणारा माळी. अशी वर्षे जातात, आणि एक दिवस त्यांतला एक भाऊ शवपेटीत निजून ख्रिस्तमंदिरात येतो, आणि दुसरा मागच्या बाकावर बसून रडतो. असे रडणे आपण पाहिले आहे. ते टळावे एवढ्यासाठी मी इतके लांबण लाविले.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. पुष्कळांना आजच्या दुःखापेक्षा उद्याच्या दुःखाची भीती अधिक असते. आजाऱ्याच्या उशाशी बसलेली आई विचारते, 'माझे लेकरू गेले तर मी ते कसे सोसू?' तिला उपदेशाचा मारा करू नये. आज तिला ते सोसवणार नाहीच, कारण त्या दिवसाची कृपा त्या दिवशी मिळावयाची असते. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो रोजच्या रोजचा. उद्यासाठी साठवला त्यात किडे पडले. केवळ शब्बाथापुरता आदल्या दिवशी दुप्पट मिळे. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया पाहा. येथे जन्मलेला हा मुलगा येशूसंघीयांच्या हाताखाली वाढला, त्यांच्याबरोबर जपानात गेला, पुढे त्याने काही काळ व्यापारही केला, आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. जपानात तो पुन्हा गेला तो दुभाष्या म्हणून. इतरांचे शब्द इकडून तिकडे पोहोचविणे हे त्याचे काम. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढविले, आणि १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले. क्रुसावर लागणारे ते बळ त्याला वसईच्या अंगणात खेळताना गाठोडे बांधून दिले नव्हते. व्यापार करीत असतानाही ते त्याच्या पदरी नव्हते. ते नागासाकीच्या टेकडीवर मिळाले, कारण तेथेच ते लागणार होते. त्याआधी त्याला रोज लागले ते दुभाष्याचे बळ, आणि ते त्याने रोज घेतले.

आपल्या पूर्वजांचेही असेच झाले. १७३९ साली वसईचा किल्ला पडला, आणि ज्या राज्याच्या आश्रयाने येथे मंदिरे उभी राहिली होती ते राज्य गेले. किल्ल्यातील मोठमोठी मंदिरे ओस पडून ढासळली. त्यांच्या भिंती आज आपण पाहतो. धर्म जर राजाश्रयावर जगत असता तर तोही त्या भिंतींबरोबर ढासळला असता. पण गावोगावच्या ओट्यांवर सांजवेळी जपमाळ चालू राहिली. ती म्हणणाऱ्यांना, पुढे १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत होईल, त्यांच्या वाड्यांच्या मध्ये आपले हे धर्मग्राम उभे राहील, याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी त्या त्या सांजवेळेची जपमाळ म्हटली, एवढेच.

शेवटी पुन्हा तेरेसाकडे येतो आणि आटोपते घेतो. तिने सतरा मठ स्थापिले, बैलगाड्यांतून आणि खेचरांवरून चिखलपाण्यात देशभर प्रवास केला, ग्रंथ लिहिले. ४ ऑक्टोबर १५८२च्या रात्री आल्बा येथे ती मरण पावली. त्याच रात्री पंचांग सुधारून दहा दिवस गाळण्यात आले, त्यामुळे दुसरा दिवस १५ ऑक्टोबर उजाडला, आणि तोच तिचा सण झाला. मरणशय्येवर तिच्या तोंडी मठांचा हिशेब नव्हता. आपण ख्रिस्तसभेची कन्या आहोत एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि ५१व्या स्तोत्रातील त्या ओळी, ज्यांत दावीद राजा आपल्या भग्न हृदयावाचून देवापुढे ठेवण्याजोगे दुसरे काही नाही असे सांगतो.

महोत्सव मंडळाचा जमाखर्च उद्या फलकावर लागणार आहे असे समजते. तो सर्वांनी अवश्य पाहावा. ज्या थोर आत्म्यांनी या धर्मग्रामासाठी कष्ट केले आणि जे आज दफनभूमीत विसावा घेत आहेत, त्यांच्यासाठी आजच्या जपमाळेतील एक दशक अर्पण करावे, अशी माझी नम्र विनंती आहे.